अढीतले बल्ब

माझ्या नातीने मला एक विशेषण लावलं आहे आणि ते मला मुळीच आवडत नाही. तिच्या बाबांच्या बाबांना ती नुसतं 'आजोबा' म्हणते. मी मात्र 'अलोऱ्याचे आजोबा'. अलोरं सोडून मला नऊ वर्षं झाली. पोफळीच्या वीजघरात नोकरी होती म्हणून अलोऱ्याच्या कॉलनीत राहिलो, निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं. नात सात वर्षांची; अलोरं तिने पाहिलेलंसुद्धा नाही. पण तिची आई तिथे वाढली, म्हणून मी कायमचा तिथला. "फरक कळावा म्हणून म्हणते हो ती," असं आमची ही मला समजावते. फरक कळायला दोघांपैकी कुणालाही विशेषण लावलं तरी भागतं. मलाच का लावलं, याचं उत्तर हिच्याकडे नाही. माझ्याकडे आहे. ते आजोबा आहेत, आणि मी आजोबांसारखा कुणीतरी आहे.

हे मूळ आजोबा, म्हणजे माझे व्याही, गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात राहतात. पंचवीस-तीस हापूसची कलमं, पुढे पडवी, पडवीत झोपाळा, आणि झोपाळ्यावर बसलं की कलमांच्या फटीतून समुद्र. सगळी नोकरी बोटीवर कुक म्हणून झालेली. माणूस वाईट नाही. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मे महिन्यात लेक-जावई मुलीला पुण्याहून आणून सोडतात. पहिले बारा दिवस त्यांच्याकडे, पुढचे बारा आमच्याकडे, आणि शेवटचे चार दिवस 'तिला विचारून'. ही वाटणी लेकीने फोनवरून केली, आणि ऐकताना ती मला फार न्यायाची वाटली होती. गेली तीन वर्षं तिला विचारण्यात आलं आणि तिन्ही वर्षं ते चार दिवस झोपाळ्यावर गेले. या वर्षी ते मला हवे होते. निवृत्तीवेतन सोडलं तर इतकी कशाची वाट मी अलीकडे पाहिलेली नाही.

तिचे पहिले बारा दिवस संपत आले होते तेव्हा आम्ही दोघं तिला आणायला म्हणून गेलो. जेवणं झाली होती. व्याही झोपाळ्यावर, नात त्यांच्या मांडीला टेकून. गोष्ट चालली होती धुक्याची. उत्तरेकडच्या कुठल्याशा समुद्रात म्हणे धुकं इतकं दाट, की सुरी घातली तर वडी निघायची. बोटीवर दोरी नव्हती म्हणून व्याह्यांनी आपला धुतलेला बनियन धुक्यावरच वाळत घातला. तेवढ्यात कप्तानाने बोट सोडली, बनियन राहिला. सात वर्षांनी बोट त्याच वाटेने गेली तर बनियन जागच्या जागी, आणि त्यात एका पक्षिणीने घरटं केलेलं. आता पिल्लं उडेपर्यंत बोट थांबवणं भाग होतं.

"म्हणून तर मला घरी यायला दोन महिने उशीर झाला," ते म्हणाले. "विचार आजीला."

विहीणबाई आतून, कैरी किसता किसता, "झाला होता उशीर," म्हणाल्या.

आणि प्रत्येक वाक्याला नात म्हणत होती, "होय महाराजा." आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस गावाची मागणी देवापुढे मोठ्याने मांडतो आणि बाकीचे प्रत्येक मागणीला 'होय महाराजा' म्हणतात. व्याह्यांनी तो रिवाज आपल्या थापांसाठी उचलला होता. नियम एकच. काहीही सांगितलं तरी 'होय महाराजा' म्हणायचं. ज्याच्या तोंडून 'असं कसं?' निघेल, त्याने फणस फोडायचा.

हा नियम मला कुणी सांगितलेला नव्हता.

"असं कसं?" मी म्हणालो. "धुकं म्हणजे हवेत तरंगणारं पाणी. त्याला ओल्या बनियनचं वजन पेलेल कसं?"

झोपाळा थांबला. नातीने माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत राग असता तरी चाललं असतं; ती कीव होती. मग ती उठून स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची वाटी आणि कोयती घेऊन आली. पडवीच्या कोपऱ्यात वीसेक किलोचं एक धूड माझी वाट पाहत होतं. फणसाचा चीक कसा असतो ते ज्याच्या हाताला लागला आहे त्यालाच ठाऊक. मी तेल लावलं, पण शर्टाची बाही वर करायची राहिली. पुढचे चार दिवस माझं मनगट ज्याला लागेल त्याला चिकटत होतं. घरी परतताना एसटीचं तिकीट त्याला असं चिकटलं, की कंडक्टरलाही ते परत घेता आलं नसतं.

घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी नात म्हणाली, आता तुम्ही सांगा.

मी डोंगराच्या पोटातलं वीजघर सांगायला घेतलं. खरं तर त्याच्याइतकी अजब गोष्ट त्या बोटवाल्याकडे नाही. अख्खा डोंगर पोखरून आत यंत्रं बसवलेली, बोगद्यातून गाडीने आत जायचं, बाहेर ऊन आहे की पाऊस ते आठ तास कळायचं नाही. तिने विचारलं, "मग?" मी म्हणालो, मग आठ तास झाले की दुसऱ्या पाळीचा माणूस यायचा. ती वाट पाहत राहिली. मी सांगितलं की त्याला चार्ज द्यायचा आणि सही करायची. तिने जांभई दिली.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून थाप मारली. एकदा वीजघरात पाण्याबरोबर मगर आली, असं जाहीर केलं. ती ताठ बसली. केवढी मोठी, म्हणाली. आता माझी सारी नोकरी दर तासाला मीटरवर जे दिसेल तेच वहीत लिहिण्यात गेलेली. माझ्या तोंडून निघालं, "साधारण एक पूर्णांक तीन मीटर." तिने दोन्ही हात पसरून अंदाज घेतला आणि समजुतीने म्हणाली, "लहान होती का बिचारी?" मगर तिथेच मेली. स्वयंपाकघरात आमची ही भांडं पडल्याचं निमित्त करून हसली.

असे अकरा दिवस गेले. मी रोज काहीतरी सांगायचो आणि ती रोज मला सांभाळून घ्यायची. 'होय महाराजा' एकदाही म्हणाली नाही. खरं तर म्हणण्यासारखं मी काही सांगतच नव्हतो. संध्याकाळी तिकडून फोन आला की मात्र ती गॅलरीत जाऊन कुजबुजत, खिदळत बोलायची. मी आतून कान देऊन ऐकायचो. एकदा कान देताना पडद्याच्या दांडीसकट खाली आलो. पडदा काढून धुवायचा होता, असं मी सांगितलं. हिने तो खरंच धुवायला टाकला.

बाराव्या दिवशी व्याह्यांनीच पाठवलेल्या पेटीतला आंबा आम्ही खात होतो. नातीने सहज विचारलं, हॉलमधला बल्ब पांढरा आणि स्वयंपाकघरातला पिवळा, असं का? मी कोय चोखत होतो. विचार करायला सवडच नव्हती, म्हणून असेल, माझ्या तोंडून निघून गेलं, "हॉलमधला अजून कच्चा आहे."

ती थांबली. मी कोय खाली ठेवली आणि मग मलाच माझं ऐकू येत गेलं. अलोऱ्याच्या कॉलनीत बल्ब कारखान्यातून कच्चेच यायचे, पांढरेफटक. मग आम्ही ते अढीत घालायचो. हापूस घालतो तसेच, खाली पेंढा, वर बल्ब, वर पेंढा. मोठ्याला आठ दिवस, लहानाला चार. मधे एकदा पलटायचे. पिकले की पिवळे व्हायचे. घाईच्या बायका कच्चेच लावायच्या आणि मग पोरांचे दात आंबायचे.

"होय महाराजा," नात म्हणाली.

मी खोटं सांगणार नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आंब्याचा रस गेला असं म्हणून मी उठलो आणि बेसिनशी उभा राहून आरशातल्या माणसाला दोनदा शाबासकी दिली. त्या भरात मी परत आलो आणि घरातले पांढरे तीन बल्ब काढून तिच्या पुढ्यात ठेवले. म्हटलं, बघायचेत पिकवून? ती आनंदाने टाळ्या पिटत म्हणाली, चला. कुठे, मी विचारलं.

आमच्या हिने ताटं उचलता उचलता विचारलं, "अढी कुणाकडे आहे?"

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अढी नसते. रत्नागिरीत राहून आपल्याकडे ती नाही, ही गोष्ट अख्खी थाप सांगून होईपर्यंत माझ्या लक्षात आलेली नव्हती. नातीच्या मात्र लगेच आली. लहान बल्बांना चार दिवस, आणि तिच्याकडे चारच दिवस शिल्लक होते. त्या रात्री लेकीचा फोन आला आणि तिला विचारण्यात आलं. ती म्हणाली, "मला आजोबांकडे जायला लागेल. अलोऱ्याच्या आजोबांचे बल्ब पिकवायचेत."

आयुष्यात एकच थाप बरी जमली आणि तिने माझी नात उचलून नेऊन त्या माणसाच्या झोपाळ्यावर बसवली.

मीच पोचवायला गेलो. व्याह्यांना सगळं सांगावं लागलं, म्हणजे नातीने सांगितलं आणि मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. वाटलं, आता हा माणूस हसणार. पण ते गंभीरपणे मला म्हणाले, "व्याहीबुवा, देठ वर ठेवायचा का खाली?" मी खाली म्हणालो. त्यांनी आतल्या खोलीतल्या अढीचा पेंढा बाजूला केला, हापूसच्या दोन थरांमधे ते तीन बल्ब पितळी टोक खाली करून ठेवले आणि पेंढा पसरला. इतक्या मनापासून माझ्या थापेची उठबस माझ्या घरातही झालेली नव्हती. त्याचाही मला रागच आला.

मग रोज सकाळी फोन. अलोऱ्याचे आजोबा, आज पलटायचे का? अलोऱ्याचे आजोबा, शेजारचा आंबा पिकला, बल्ब अजून का नाही? मी सल्ले देत होतो. मागून व्याह्यांचा आवाज यायचा, विचार त्यांना, ते जाणकार. दोन दिवस मी सुखात होतो. तिसऱ्या दिवशी तिने बातमी दिली की आजोबांच्या बोटीवर बल्ब मिठाच्या बरणीत मुरवायचे, आणि ते वादळातसुद्धा विझायचे नाहीत. बल्ब माझे, अढीची कल्पना माझी, आणि बरणी त्यांची. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बल्ब लावून बघायचा होता, दुसऱ्या दिवशी लेक-जावई येऊन तिला नेणार होते. पिवळे बल्ब अढीत गुपचूप घालणं माझं कर्तव्य होतं. सकाळी बाजारात गेलो. दुकानदाराला म्हटलं, तीन पिवळे दे. बाजारात वीज गेलेली होती. आताचे बल्ब विझलेले असताना बाहेरून सगळे सारखे पांढरेच दिसतात. त्याने खोक्यातून तीन काढून दिले, म्हणाला लावून दाखवता येणार नाही, आणि मी, जन्मभर वीज तयार केलेला माणूस, म्हणालो, "असू दे रे, मला कळतं."

तिथून आम्ही दोघं व्याह्यांकडे पोचलो. दुपारी जेवून घर सुस्तावलं. विहीणबाई, आमची ही आणि नात माजघरात चटईवर. व्याही झोपाळ्यावर, तोंड उघडं, घोरणं लयीत. मी निळी पिशवी घेऊन चवड्यावर आतल्या खोलीत गेलो आणि पेंढ्यात हात घातला.

बल्ब होते तीनच, पण माझे नव्हते. घरात बल्ब लावला की त्याच्या बुडाशी मी पेनाने तारीख घालतो. वीजघरातली खोड आहे, सुटत नाही. या तिघांच्या बुडाशी काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे त्या बोटवाल्याने माझे काढून आपले पिवळे आणून ठेवले होते, कुणाला न सांगता.

शहाण्या माणसाने पेंढा सारखा केला असता आणि मनातल्या मनात त्यांचे आभार मानले असते. मला एवढंच दिसलं की माझ्या थापेतसुद्धा शेवटी उजेड पडणार तो ह्यांचा. मी त्यांचे तिन्ही बल्ब काढून पिशवीत टाकले, माझे तीन जागेवर ठेवले, देठ खाली, आणि परत येऊन खुर्चीत डोळे मिटून बसलो. घोरणं तसंच लयीत चाललेलं होतं.

दिवेलागणीला सगळी पडवीत जमली. नातीने अढीतून एक बल्ब ओंजळीत धरून आणला, हापूसचा वास लागलेला. व्याह्यांनी स्टुलावर चढून तो पडवीतल्या होल्डरला बसवला. ते खाली उतरले, माझ्याकडे बघून हसले, देणारा माणूस हसतो तसे. मी आमच्या पिशवीवर पाय ठेवून बसलो होतो. नातीने बटण दाबलं.

पडवी लालभडक झाली. झोपाळा लाल, विहीणबाईंचे पांढरे केस लाल, नातीचे उघडे दात लाल.

"असं कसं?" व्याही म्हणाले.

आवाज अगदी खरा होता. ज्या माणसाने धुक्यावर बनियन वाळत घातला, त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला खरं तर तितकाच धक्का बसला होता, मी दुकानदाराला मनात शिव्या घालत होतो. पण माझ्या तोंडून काही निघायच्या आत त्यांचं निघालं होतं. नात हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही असं कसं म्हणालात." मग माझ्याकडे वळून, "लाल का झाला?"

"एक दिवस जास्त राहिला," मी म्हणालो. "अति पिकला."

"होय महाराजा," ती म्हणाली.

विहीणबाईंनी कोयती आणून व्याह्यांपुढे ठेवली. ते खाली बसले, फणस पुढे ओढला. मी पिशवी झोपाळ्याखाली सरकवून वर बसलो, पहिल्यांदाच, मधोमध. वाटलं होतं नात येऊन टेकेल. ती आतून तेलाची वाटी घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी फतकल मारून बसली. त्यांच्या बाह्या तिने स्वतः वर केल्या, एकेका बोटाला तेल चोळून दिलं. माझ्या बाह्या त्या दिवशी कुणी वर केल्या नव्हत्या. मी पायाने झोका घेतला, तो एकट्याने घेतल्यावर वाकडा जातो.

"आजोबा, वाईट नका वाटून घेऊ," ती म्हणाली. "गोष्ट सांगा."

त्यांनी फणसाला पहिली चीर दिली आणि त्याच्याकडेच बघत सुरू केलं. एका बंदरात आमची बोट लागली होती. माझ्याकडे तीन बल्ब होते, पिकून सोन्यासारखे झालेले.

"होय महाराजा."

दुपारची वेळ. मी जरा डोळे मिटले होते, पण घोरणं चालू ठेवलं होतं. बोटीवर झोपलो तरी घोरणं चालू ठेवावं लागतं, नाहीतर चोर सावध होतात.

"होय महाराजा."

तर एक कस्टमचा साहेब आला. चष्मा कपाळावर, हातात निळी पिशवी, आणि चवड्यावर चालत होता, कोंबडा चिखलातून चालतो तसा.

माझा झोका थांबला. आमच्या हिने झोपाळ्याखालच्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नातीने पिशवीकडे पाहिलं नाही. ती गोष्टीत होती.

त्याने माझे सोन्याचे तीन बल्ब पिशवीत टाकले, व्याही सांगत होते, आणि त्यांच्या जागी आपले कुठलेतरी नासके ठेवले. त्यांनी पहिला गरा काढून नातीला दिला, दुसरा काढला आणि तेलाचा हात लांब करून माझ्यापुढे धरला.

"मग तुम्ही त्याला पकडलं नाही?" नातीने विचारलं.

"नाय गो," ते म्हणाले. "पाहुणा होता."

मी गरा घेतला. गोष्ट माझ्या बल्बाच्या गोष्टीपेक्षा चांगली होती, हे त्या लाल उजेडातही मला स्वच्छ दिसत होतं, आणि 'असं कसं?' म्हणायची सोय नव्हती.

"होय महाराजा," मी म्हणालो, नातीच्या आधी.